खुशालीचं पान

दोहा, ८ जानेवारी २०२२

प्रिय अनंतमामा,

नमस्कार. पत्र हातानं लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप केलेलं तुम्ही वाचतच नाही, असं आईनं बजावलं आहे. जन्म पोस्टमास्तरकीत गेलेल्या माणसाचे एवढे लाड करायलाच हवेत.

काम असं आहे. मी ज्या बांधकाम कंपनीत वेबसाइटची डिझायनर आहे, तिचे हजारो कामगार वर्ल्ड कपच्या रस्त्यांवर आणि इमारतींवर राबतात आणि कॅम्पमध्ये राहतात. त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही एक साइट काढली आहे. संध्याकाळी कामगार कॅम्पच्या गेटवर अंगठा लावतो, तिथला कॅमेरा त्याचा फोटो घेतो, आणि गावाकडे त्याच्या नावाच्या पानावर तो फोटो दिसतो. साइटचं नाव 'खुशाली'. नाव मीच सुचवलं, तेव्हा हसू नका.

अडचण अशी, की लोक पान उघडतात आणि गोंधळतात. नाहीतर घाबरून हेल्पलाइनला फोन करतात. कुठे चुकतंय ते मला ऑफिसात बसून कळत नाही. तुमच्या पांगारीतल्या निम्म्या घरांतला माणूस आखातात आहे. त्यातले आमच्या कंपनीत आहेत त्यांच्या बायकांना, आयांना एकदा तुमच्या ओटीवर बोलवाल का? मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि काही शिकवू नका. कुठे बोट अडतं, कुठे चेहरा बदलतो, ते मला लिहा. इथे या कामाचे लोक भरपूर पैसे घेतात. तुम्हाला मी खजूर पाठवीन.

प्रताप मजेत आहे. ओवीला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. तुम्ही फोनवर तिच्यावर चिडता, ते तिला फार आवडतं.

तुमची
नीलांबरी


पांगारी, २३ जानेवारी २०२२

चि. नीलांबरी,

आशीर्वाद. खजूर बिनबियांचे पाठव, माझे दात आता राजीनाम्याच्या तयारीत आहेत.

बायका आल्या. चहा तुझ्या मामीनं केला, बघायचं काम मी केलं. तुझी वेबसाइट बघून मला आमच्या पोस्टातला जुना साहेब आठवला. सगळं सांगायचा, फक्त हवं ते सोडून. पान उघडल्यावर आधी कंपनीचं चिन्ह, मग नंबर, मग दुसरा नंबर, आणि माणसाचा फोटो कुठे, तर कोपऱ्यात तिकिटाएवढा. प्रत्येकीनं आधी फोटो शोधला. एकीनं मोबाइल नाकाला लावला तेव्हा तिला मुलगा दिसला. तारीखही तुम्ही उलटी लिहिता, आधी महिना मग दिवस. त्यावरून दोघींचं माझ्या ओटीवर चांगलंच जुंपलं.

आता खरं सांगायचं ते. एखाद्या दिवशी फोटो आला नाही तर तुमचं पान लाल अक्षरात 'माहिती उपलब्ध नाही' म्हणतं. जैतून परकार म्हणून एक आहे, तिचा नवरा जाफर तुमच्याकडे वेल्डर. तिनं ती लाल ओळ वाचली, मोबाइल जमिनीवर ठेवला आणि चपला न घालता सरळ बंदराकडे चालायला लागली. मामी मागे धावली म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी जाफरचा फोटो आला. तुमच्या अंगठ्याच्या मशीनमध्ये वाळू गेली होती म्हणे.

आमच्या पोस्टात एक अलिखित नियम होता. वाईट तार आली की पोस्टमन आधी घरात डोकवायचा. माणसं जेवायला बसली असली तर पाणी मागून ओटीवर टेकायचा. जेवणं उरकली की मग तार द्यायचा. कुठल्या पुस्तकात तो नियम नव्हता, पण मोडला कोणी नाही. तुझी वेबसाइट उंबऱ्यातूनच ओरडते, आणि तेही वाळू गेली म्हणून. ती लाल ओळ काढ.

मामीचा ओवीला पापा.

अनंतमामा


दोहा, २० फेब्रुवारी २०२२

प्रिय मामा,

तुमचा पोस्टमन आमच्या मीटिंगमध्ये भलताच भाव खाऊन गेला. आमचे साहेब लेबनॉनचे आहेत, पण तार आणि जेवणाची गोष्ट त्यांना लगेच कळली. म्हणाले, हेच हवं.

नवं पान आजपासून सुरू झालं. आता उघडलं की पडदाभर फोटो. नंबर गेले, तारीखही गेली. फोटोखाली एक हिरवा ठिपका आणि 'खुशाल' एवढा एकच शब्द, ज्याच्या त्याच्या भाषेत. लाल ओळ कायमची काढली. फोटो आला नाही तर आधीचाच राहतो आणि ठिपका हिरवाच. कोण रजेवर गेला, कोणाची बदली झाली, ते सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये असतंच. घरच्यांना कशाला त्याचा घोळ?

नवं पान बनवताना नमुना म्हणून मी तुमच्या जाफरभाईंचंच पान समोर ठेवलं होतं. दिवसभर त्यांचा चेहरा स्क्रीनवर. ओवी ऑफिसात आली होती, म्हणाली, "आई, इज ही युअर फ्रेंड?" मी म्हटलं, मामाआजोबांच्या शेजारचे आहेत.

जैतूनला विचारून कळवा.

नीलांबरी


पांगारी, १८ मार्च २०२२

चि. नीलांबरी,

पोरी, जिंकलीस. बायकांचे चेहरे बघायला तू इथे हवी होतीस. कोणाला काही विचारावं लागत नाही. फोटो, ठिपका, झालं. जैतून संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास आमच्या ओटीवर येते, कारण रेंज इथेच नीट मिळते. पान उघडते, बघते, आणि नवऱ्याला दोन शब्द सुनावून घरी जाते.

सुनावते म्हणजे काय, ते सांगतो. दोघांचं वाजलं आहे. मुलगी इनाया बारावीत. जाफरला तिचं लग्न लावून द्यायचं होतं, चुलतभावाच्या मुलाशी. जैतूननं नवऱ्याला न विचारता तिचा नर्सिंगचा फॉर्म भरला. तेव्हापासून फोन बंद. तो म्हणतो, चूक तिची, तिनं करावा. ही म्हणते, मी का करू? इनायालाही आईनं दम दिला आहे, बापाला फोन करायचा नाही. मी एकदा मध्ये पडायला गेलो तर म्हणाली, "मास्तर, तो खुशाल हाय ना? मग र्‍हाऊ दे त्याला रागात."

आणि खरंच आहे. पूर्वी चार दिवस पत्र आलं नाही की भांडणं आपोआप मिटायची. आता ठिपका हिरवा आहे तोवर दोघंही रुसायला मोकळे. हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस, नाहीतर त्याचंही श्रेय घेतील.

अनंतमामा


दोहा, १० मे २०२२

प्रिय मामा,

उशीर झाला. इथे वर्ल्ड कपची घाई इतकी आहे की रोज नवा रस्ता उघडतो आणि रोज मी चुकते.

'खुशाली'चं फार कौतुक झालं. हेल्पलाइनचे फोन जवळजवळ बंद झाले. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर मी सादर केलं. मोठ्या पडद्यावर जाफरभाईंचं पान. हनुवटीवर पट्टी चिकटवलेली, आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतायत, कोणीतरी हाक मारल्यासारखे. साहेबांना तो फोटो इतका आवडला की त्याचा माणसाएवढा बोर्ड करून ऑफिसच्या दारात उभा केला आहे. 'घरचे निश्चिंत' असं अरबीत आणि इंग्रजीत खाली लिहिलंय. रोज सकाळी मी त्यांच्यासमोरून आत जाते. खरं सांगू, कधी कधी नजर टाळते. का, ते मला सांगता येणार नाही.

आता गंमत ऐका. ईदच्या सुट्टीत आम्ही समैस्माला गेलो होतो, दोह्याच्या उत्तरेला समुद्रकाठचं गाव आहे. प्रताप आणि ओवी पाण्यात होते. जरा लांब एक माणूस पाण्याकडे तोंड करून उभा होता. हनुवटीवर तीच पट्टी. मी हाक मारली, "जाफरभाई!" त्यांनी वळून बघितलं. नक्की तेच. मी हात केला, म्हटलं तुमच्या गावच्या मास्तरांची भाची. ते काही बोलले नाहीत. मी ओवीला टॉवेल द्यायला वळले, पुन्हा बघते तर गेलेले. लाजले असतील, साहेबांच्या बायका अशा हाका मारत नाहीत.

जैतूनला सांगा, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. खुशाल आहेत.

नीलांबरी


पांगारी, २४ मे २०२२

चि. नीलांबरी,

तुझं पत्र जैतूनला वाचून दाखवलं. समैस्मा म्हटल्यावर ती हसली. कित्येक महिन्यांनी हसताना पाहिली. म्हणाली, "जातोच तो तिथं. सुट्टीच्या दिवशी दर्या बघितल्याशिवाय त्याला जेवान जात न्हाय." तो तिथे जातो हे तुला कुठून ठाऊक असणार? मलाही ठाऊक नव्हतं.

पण दुसरं एक विचारायचं आहे, आणि ते तिनंच विचारायला सांगितलंय. त्या हनुवटीच्या पट्टीचं काय? दोन महिने होऊन गेले, पट्टी आहे तशीच आहे. जैतूनच्या सासऱ्याला साखरेचा आजार होता, त्याच्या पायाची जखम अशीच भरली नव्हती. तिला वाटतंय की जाफरलाही साखर झाली. तुझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे त्याला नेता येईल का? तिचं नाव सांगायचं नाही.

मी म्हटलं, बाई, एक फोन कर आणि विचार. म्हणाली, "ईदलासुदा केला न्हाय त्यानं. मी का करू?"

मी तो फोटो रोज बघतो. एक म्हातारा म्हणून सांगतो, मला आता तो बघवत नाही. शर्टाचं वरचं बटण उघडं आहे, तेही रोज उघडंच असतं.

अनंतमामा


दोहा, २ जून २०२२

प्रिय मामा,

कधी कधी फोटो जुना राहतो, मशीनचा दोष असतो. मी बघते. जैतूनला एवढ्यात काही बोलू नका.

नीलांबरी


पांगारी, ३० जून २०२२

नीलांबरी,

जवळजवळ महिना झाला. तू लिहीत नाहीस आणि फोन उचलत नाहीस. तुझी आई म्हणते, कामात आहे. तू लहानपणी काच फोडलीस तेव्हाही अशीच मोरीत जाऊन बसली होतीस.

जैतून अजून येते. आता ती भांडत नाही. मोबाइल उभा करून ठेवते आणि त्या फोटोशी बोलते. "जरा इकडं बग," म्हणते. "कोणाकडं बगतोस सारखा?" काल इनाया आईला घ्यायला आली. मोबाइलकडे न बघता तिनं आईला उठवलं. जाताना माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. त्या मुलीला कळलंय.

मी रोज त्या बाईला चहा देतो आणि 'खुशाल आहे' म्हणतो. मी तिच्याशी खोटं बोलतोय का, एवढं मला सांग. बाकी काही विचारत नाही.

अनंतमामा


दोहा, ७ जुलै २०२२

मामा,

हो.

जाफरभाई मार्चमध्येच गेले. अकरा मार्च, शुक्रवार. तुम्ही मला 'जिंकलीस' असं लिहिलंत, त्याच्याआधी.

मी २ जूनला लिहिलं त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं, की फोटो दहा मार्चच्या संध्याकाळचा आहे आणि पुढे अंगठा नाही. मग मी शोधत राहिले. सुट्टीच्या दिवशी ते नेहमीसारखे समुद्रावर गेले होते. समैस्माच्या रस्त्याला छातीत कळ येऊन पडले. हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आत संपलं. बोटांच्या ठशांवरून ओळख पटली, आमच्या कंपनीला कळवलं गेलं. आमच्या क्लार्कनं पासपोर्टवरच्या पत्त्यावर कागद पाठवले. तो पत्ता मुंब्र्याचा, जुना, ती चाळ कधीच पाडली आहे. कागद परत आले तोवर क्लार्क नोकरी सोडून गेला. देह अजून इथेच आहे, हॉस्पिटलच्या शवागारात, घरच्यांच्या सहीची वाट बघत.

त्यांच्या खोलीत एकच कोकणातला होता, म्हसळ्याचा कासम. मी त्याला दुसऱ्या कॅम्पवर जाऊन भेटले. म्हणाला, "आम्हाला वाटलं घरी कळलंय. कंपनीनं सांगितलं, कळवलं. घरचा एकपण फोन आला न्हाय, मग आम्ही काय समजायचं?"

मामा, हे सगळं आमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. जाफर परकार या नावापुढे, मार्चपासून, इंग्रजीत एका शब्दात. माझं पान ते वाचत नव्हतं. मीच तसं बनवलं होतं. ठिपक्याला मी दुसरा रंगच ठेवला नव्हता.

आणि ईदला मी कोणाला हाक मारली? प्रतापला विचारलं, त्यानं कोणालाच बघितलं नव्हतं. ओवी म्हणते, "देअर वॉज नोबडी, आई." पण ते वळले होते, मामा. माझ्याकडे बघितलं होतं.

जैतूनला तुम्ही सांगा. मला धीर होत नाही.

नीलांबरी


पांगारी, १३ जुलै २०२२

चि. नीलांबरी,

तुझं पत्र आलं तेव्हा बकरी ईद तीन दिवसांवर होती. मी ईद होऊ दिली. सवय जात नाही. तिनं आमच्याकडे शेवया पाठवल्या, त्या मी खाल्ल्या.

सोमवारी मी आणि मामी गेलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मास्तर, आज तुमी चप्पल दारात काढून आलात. एरवी ओटीवरूनच हाक मारता." मग सांगितलं. ती रडली नाही. तारीख विचारली. मी सांगितली. ती बोटांवर मोजत बसली, कसला हिशोब करत होती कोण जाणे. मग म्हणाली, "तुमाला कदी कळलं?" मी म्हटलं, गुरुवारी. म्हणाली, "म्हंजे शेवया खाल्ल्यात तेवा ठावं होतं."

नीलांबरी, आयुष्यभर मी तो नियम पाळला आणि त्याचा मला अभिमान होता. तारेचा कागद निदान हातात यायचा गं, जेवण झाल्यावर का होईना. आपण दोघांनी तार फाडून टाकली आणि वर त्या बाईला जेवायला वाढत राहिलो.

ती देह आणणार नाही. म्हणाली, तिथल्याच मातीत ठेवा, एवढे महिने गारठ्यात पडलाय, आणखी प्रवास नको. सह्यांचे कागद उद्या पाठवतो.

अनंतमामा


दोहा, २५ जुलै २०२२

प्रिय मामा,

काल दफन झालं. आम्ही राहतो त्या अबू हमूर वस्तीच्या बाजूलाच कबरस्तान आहे. प्रताप गेला होता. कासमनं आपल्या कॅम्पमधून माणसं गोळा केली. ज्यांनी जाफरभाईंना कधी बघितलं नव्हतं, तेही नमाजाला उभे राहिले. मी बाहेर गाडीत बसले होते. प्रत्येक माणूस बाहेर येताना मी त्याच्या हनुवटीकडे बघत होते.

बोर्ड काढायला मी साहेबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. बोर्ड त्याच दिवशी काढला. पण पान बदलायला ते तयार नाहीत. मी नवं पान करून ठेवलं आहे. फोटोखाली तारीख, आणि त्यानंतर काही कळलं नसेल तर ठिपका करडा. ते म्हणाले, नोव्हेंबरमध्ये सगळं जग इथे येणार, आणि तुला आत्ता हजारो घरांत घबराट करायची आहे? वर्ल्ड कप होऊ दे, मग बघू. म्हणाले, तुझ्याच मामानं सांगितलं होतं ना, जेवण होऊ द्यावं?

मी मागच्या बाजूनं यादी बघायला सुरुवात केली आहे. बरेच जण रजेवर आहेत, काही दुसऱ्या कंपनीत गेलेत. सगळ्यांचं तसं नाही. सगळे हिरवे आहेत.

जाफरभाईंचं पान अजून चालू आहे. मला ते बंदही करवत नाही आणि चालूही ठेववत नाही. जैतूनभाबींना विचारा, ठेवू की काढू? आणि त्यांना सांगा, मी माफी मागते. याहून मोठा शब्द मला येत नाही.

नीलांबरी


पांगारी, ५ ऑगस्ट २०२२

(चि. नीलांबरी, हे जैतून सांगते आहे. ती म्हणाली, एक शब्द पदरचा घालायचा नाही. मी फक्त लिहितो आहे. अनंतमामा)

नीलांबरी बाय,

सलाम. तुमी माती दिलीत, कासमभायनी दुवा केली, अल्ला तुमचं भलं करो. ते वेगळं आन् हे वेगळं.

मार्चपासून मी रोज त्याच्यावर रागावत होते. इनाया पास झाली ते त्याला सांगितलं न्हाय, म्हटलं विचारंल तेवा सांगीन. ईदला नवी साडी घातली न्हाय, म्हटलं फोन करंल तेवा घालीन. तो मेलेला, आन् मी रुसलेली. मेलेल्यावर कोण रुसतं, बाय? मेलेल्याला माफ करतात. मना तेवढंसुदा करता आलं न्हाय.

मास्तर म्हणतात, तू घाबरशील म्हणून केलं. घाबरले असते. धावले असते, पडले असते, आन् त्याला फोन लावला असता. कोणीतरी उचलला असता. न्हाय उचलला तर आणखी दहा जणांना लावला असता. माजी भीती माजी होती. तिनं मना उठवलं असतं. ती तुमी काढून घेतलीत आन् मना बसवून ठेवलंत.

तुमी त्याला दर्यावर बघितलंत, त्यावर माजा इश्वास हाय. लोक काय बोलायचं ते बोलूद्यात. हाकेला वळला म्हणता. म्हंजे हाकेची वाट बघत असंल. ती हाक मी मारायची होती, ती तुमी मारलीत. त्याचा मना राग हाय आन् बरंबी वाटतं.

पान काढू नका. त्याच्यावर लिवा, जाफर मेला. खुशाल म्हणू नका, आणखी गोड शब्द शोधू नका. तारीख लिवा. मना वाचता येते. न्हाय आली तर इनाया वाचंल.

आन् तुमच्या साहेबाला सांगा, जेवान झाल्यावर सांगायचं असंल तर आदी विचारा, जेवायचंय का.

जैतून जाफर परकार


दोहा, २१ ऑगस्ट २०२२

जैतूनभाबी,

हे पत्र मामांकडे पाठवते आहे, पण तुम्हाला आहे.

आज रविवार, इथे आठवडा आज सुरू होतो. सकाळी ऑफिसला पोचल्यावर, कोणाला न विचारता, मी नवं पान सुरू केलं. तुमच्या पानावर आता असं आहे: जाफर परकार मरण पावले. ११ मार्च २०२२. दुसरं काही नाही. ठिपका नाही. फोटो ठेवला आहे.

बाकीच्या पानांवर तारखा आल्या. पुष्कळ ठिपके हिरवेच राहिले. जे करडे झाले त्यांची यादी मी प्रिंट करून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हे मी केलं आहे. ते खूप वेळ यादी बघत बसले. मग म्हणाले, संध्याकाळपर्यंत पान जुन्यासारखं कर, नाहीतर उद्या येऊ नकोस. मी केलेलं नाही. उद्या कदाचित दुसरं कोणी करील. पण आज दिवसभर ते सगळ्यांना दिसतंय, आणि ज्यांनी बघितलं त्यांना आता पुन्हा न बघितलेलं करता येणार नाही.

हेल्पलाइन मीच घेऊन बसले आहे. पहिला फोन बिहारमधून आला. बाई माझ्या आईच्या वयाची वाटली. मुलाचं नाव सांगितलं. करडा होता. मला वाटलं, आता ती आकांत करील आणि मला ऐकवणार नाही. तिनं एवढंच विचारलं, "कब से?"

मी तारीख सांगितली. म्हटलं, पुढचं मला ठाऊक नाही, पण आत्ता शोधते. ती म्हणाली, "ढूँढो बेटी. मैं फोन नहीं रखूँगी."

मीही ठेवला नाही.

नीलांबरी